किल्लारीच्या मातीत भेटलेला परदेशी माणूस
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

मी काही विद्वान नव्हे. शाळा सातवीपर्यंत झाली. पुढचं शिक्षण नांदेडच्या कापड गिरणीच्या गेटवर, युनियनच्या सभांत आणि वाचनालयाच्या बाकावर झालं. गिरणी बंद पडली तशी लातूरला आलो, तेव्हापासून डाळमिलमध्ये आहे. समितीनं विषय दिला, 'समाजसेवा करताना आलेले अनुभव'. या विषयावर चांगलं चांगलं बोलायची पद्धत आहे. पण विहारात खोटं बोलू नये, म्हणून जे घडलं ते सांगतो. त्यात माझीही फजिती आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, माणसं दमून झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आपला लातूर जिल्हा आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं बसल्या जागी जमीनदोस्त झाली. आठ ते दहा हजार माणसं गेली. नांदेडला आम्हालाही धक्का जाणवला. भांडी वाजली, कुत्री भुंकली, आम्ही बाहेर पळालो. दुपारपर्यंत बातमी आली.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा, गिरणीत बदली कामगार. बदलीवाल्याचं कसं असतं, हजेरी लागली तर पगार, नाही तर घरी. आम्ही सात-आठ पोरांनी ठरवलं की जायचं. घरी सांगितलं. माझी माय चुलीपुढं बसली होती. ती वळली सुद्धा नाही. म्हणाली, "त्यांनी आपली घरं जाळली, अन् तू त्यांची घरं बांधायला चालला?"

नव्या पिढीला हे वाक्य समजायचं नाही, म्हणून खुलासा करतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना जिवंत जाळलं. आमच्याही गावात वस्ती पेटली. मी आठ-नऊ वर्षांचा होतो. बापानं मला खांद्यावर घेतलं, मायनं पिठाचा डबा घेतला, आणि आम्ही रातोरात नांदेड गाठलं. ते गाव परत पाहिलं नाही. मायच्या बोलण्यात ते सगळं होतं.

मी म्हटलं, "माय, ज्यांनी जाळली ते वेगळे, हे वेगळे." ती म्हणाली, "गाव वेगळं असंल. गावकूस एकच." तरी सकाळी तिनं भाकरी बांधून दिल्या, वर लसणाचा ठेचा. आणि एवढंच बोलली, "जा. पण त्यांच्या दारात पाणी मागू नको."

पहिले आठ-दहा दिवस काय केलं ते लेकरांपुढं सांगत नाही. पाऊस लागला होता. ढिगारे उपसले, प्रेतं काढली, दिसंल त्या लाकडानं अग्नी दिला. तिथं एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. त्या भागातली मोठी घरं म्हणजे दगडाच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाड भिंती, त्या नुसत्या मातीत रचलेल्या, आणि वर मातीचं माळवद. दर पावसाळ्याआधी माती टाकून टाकून ते माळवद हत्तीसारखं जड झालेलं. भिंत फुटली की सगळं अंगावर. आणि गरिबाची कुडाची, पत्र्याची घरं हलकी, ती पडली तरी माणूस जगायची आशा जास्त. लोक म्हणत, पाप वाढलं म्हणून देव कोपला. बिहारमध्ये १५ जानेवारी १९३४ ला मोठा भूकंप झाला, तेव्हा खुद्द गांधीजी म्हणाले होते की अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर हरकत घेतली. ते अस्पृश्यतेच्या विरोधातच होते, पण निसर्गाच्या घटनेला निसर्गाचंच कारण असतं, असं त्यांचं म्हणणं. मला टागोर पटतात. भूकंपानं जात विचारली नाही. दगड किती, माती किती, एवढंच विचारलं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. नोव्हेंबरात मी पुन्हा गेलो. तात्पुरत्या पत्र्याच्या शेडची वस्ती उभी राहत होती. नाल्या खोदणं, पत्रे ठोकणं, संडासाचे खड्डे घेणं अशी कामं होती. मदतीला देशातून माणसं आली होती तशी परदेशातूनही. आमच्या गावात एक जर्मन इंजिनिअर आला होता, तिशीच्या आतला. गावाचं नाव घेत नाही, त्याचंही घेत नाही. तसंही त्याला कुणी नावानं हाक मारली नाही. पोरं 'गोरेसाहेब' म्हणायची, म्हाताऱ्या 'गोरा बापू' म्हणायच्या. त्याचं बोलणं आम्हाला सांगायला पुण्याचा, समाजकार्य शिकणारा एक पोरगा होता.

पहिल्याच दिवशी हा साहेब कुदळ घेऊन संडासाचा खड्डा खोदायला उतरला. गाव गोळा झालं. साहेब माणूस, अन् असलं काम? एक म्हातारबा त्या पोराला हळूच विचारतो, "यांची जात कंची?" पोरगा हसला. मी हसलो नाही. मला आधी आनंद झाला आणि मग राग आला. माझ्या आज्यानं जन्मभर हेच केलं, तर तो हलका ठरला. यानं एक दिवस केलं, तर तो थोर ठरला!

त्याच्या काही गोष्टी आम्हाला कळायच्या नाहीत, आमच्या त्याला कळायच्या नाहीत. तो उठता-बसता थँक्यू म्हणायचा. एका मावशीनं भाकरी दिली. थँक्यू. पाणी दिलं. थँक्यू. कोरड्यास वाढलं. थँक्यू. मावशी रुसली. म्हणाली, "घरच्या माणसाचे कुणी आभार मानतं का? हा मला परकी समजतो." संध्याकाळी तो एकटाच बांधावर जाऊन बसायचा. त्याला तेवढा वेळ एकटं राहायचं असायचं. पण गावाला वाटलं, बिचाऱ्याला घरची आठवण येते. मग रोज चार म्हातारे मुद्दाम जाऊन त्याच्याजवळ बसायचे, तो बिचारा हसून दाखवायचा. बाया छाती पिटून, मेलेल्याचे गुण सांगत रडायच्या, तेव्हा त्याला वाटायचं यांना डॉक्टर पाहिजे. तो पोरगा समजावून सांगे, डॉक्टर नको, मोकळं होऊ द्या.

एवढं हसण्यावारी गेलं. पुढचं गेलं नाही.

गावातले एक मोठे शेतकरी होते. घरातली तीन माणसं गेलेली. त्यांनी साहेबाला चहाला बोलावलं. साहेब, तो पोरगा आणि मी गेलो. साहेबाला शेडच्या आत खाटेवर बसवलं. पोरगाही आत. मला बाहेर पोत्यावर. आतल्यांना कपबशी, मला कान तुटलेला कप, तोही पत्र्याच्या आडून काढलेला. मी काही बोललो नाही. चहा मात्र पिलो नाही, मातीत ओतला.

बंधूंनो, मी त्या दिवशी बाबासाहेबांचा विचार केला. १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथं माणूस म्हणून राहिले. १९१७ ला बडोद्यात नोकरीला आले, तर राहायला खोली मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढलं. समुद्र ओलांडला की माणसाची किंमत बदलते. हा जर्मन सात समुद्र ओलांडून आला, तो आत बसला. मी शेजारच्या जिल्ह्यातून आलो, मराठी बोलतो, तीच भाकरी खातो, मी बाहेर बसलो. मग परदेशी कोण?

साहेबाला हे दुसऱ्या दिवशी कळलं. पोरानं सांगितलं. साहेब लाल झाला. तसाच त्या शेतकऱ्याकडं गेला आणि चारचौघांत म्हणाला, मी तुमच्याकडं पुन्हा चहा घेणार नाही. मी खरं सांगतो, मला त्या वेळी बरं वाटलं. कुणी तरी बोललं!

पण त्या शेतकऱ्याचा अपमान झाला. तो राग साहेबावर निघणार नव्हता, माझ्यावरही नाही, कारण आम्ही जाणारी माणसं. तो आपल्या वस्तीतल्या बायांवर निघाला. पुढं आठ दिवस त्यांना त्याच्या रानात कामाला बोलावलं नाही. ज्वारीच्या खुरपणीचे दिवस. भूकंपात घर गेलेलं, वर मजुरी गेली. एक बाई माझ्या अंगावर आली, "तुमचा मान राहिला दादा, आमची चूल गेली." मी मान खाली घातली.

रात्री मी साहेबाला सांगितलं, पोरगा मधे होता. म्हटलं, "तुमचा राग खरा आहे. पण त्याची किंमत तुम्ही भरली नाही, मी भरली नाही, तिनं भरली." तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं, "मग अन्याय बघून गप्प बसायचं का?" मी म्हटलं, "गप्प नाही बसायचं. पण आधी विचारायचं, ज्याला मागं राहायचंय त्याला विचारायचं." हे मी त्याला सांगितलं, पण मलाही ते त्याच दिवशी कळलं होतं.

दुसऱ्या सकाळी आम्ही वस्तीतल्या बायांना विचारलं, तुमची अडचण काय? आम्हाला वाटलं चहाचा कप सांगतील. एकीनंही कपाचं नाव काढलं नाही. त्या म्हणाल्या, पाणी. टँकर आला की गाव आधी भरायचं, आपल्या बायांचे हंडे शेवटी. उरलं तर मिळायचं, नाही तर चिखल.

इथं मात्र साहेबाचा स्वभाव कामाला आला. त्याच्या मुलखात रांग म्हणजे रांग. त्यानं खडू घेतला आणि हंड्यांवर नंबर टाकले, जो आधी ठेवील त्याचा पहिला. पण नंबर इंग्रजी आकड्यांत! बायांना वाचता येईनात. मी मराठी आकडे टाकले. तेही निम्म्या जणींना येईनात. शेवटी एका म्हातारीनं तोड काढली. चिंध्या घेतल्या, लाल चिंधी पहिल्या दहांना, पिवळी दुसऱ्या दहांना, पांढरी तिसऱ्या दहांना. चिंधी हंड्याच्या गळ्याला बांधायची. चिंधीला जात नव्हती. टँकरवाल्यालाही सोपं पडलं. चार दिवस कुरकुर झाली. मग गावातल्याच गरीब कुणबी आणि धनगर बाया आमच्या बाजूनं बोलू लागल्या, कारण बड्या घरांच्या मागं त्याही उभ्या राहायच्या. भांडण न करता आमच्या बायांना पाणी मिळालं. युक्ती जर्मनीची, आकडे माझे आणि चिंध्या म्हातारीच्या.

१४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याआधी २५ नोव्हेंबर १९९३ ला आमच्या नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं होतं. सगळा मराठवाडा तणावात होता. शेडच्या वस्तीत आमच्या पोरांनी पणत्या लावल्या, मोठ्यानं घोषणा दिल्या नाहीत. साहेबानं विचारलं, "एका नावासाठी एवढं? तुमच्याकडं घर नाही, आणि नावासाठी रडता?" मी म्हटलं, "तुमच्या बापाला गावात काय म्हणून हाक मारतात?" त्यानं नाव सांगितलं. मी म्हटलं, "माझ्या बापाला 'ए' म्हणून मारायचे." पोरानं ते भाषांतर करून सांगितलं. साहेब उठला आणि एक पणती त्यानंही लावली.

पुढं कायमची घरं आली. जागतिक बँकेच्या कर्जातून सरकारनं मोठा कार्यक्रम घेतला. ५२ गावं नव्या जागी वसवली. घराचं माप जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४५०, त्याच्या वर ७५०. नियम सरळ दिसतो. पण आपल्या माणसाला जमीन का नाही, हा प्रश्न त्या नियमात कुठंच नव्हता. मेलेलं लेकरू सगळ्यांचं सारखं, घर मात्र सातबाऱ्याच्या मापानं! मी काम केलेल्या गावात लहान घरांच्या रांगा एका टोकाला आल्या, म्हणजे वस्ती पुन्हा एका टोकालाच आली. रस्ते रुंद, घरं पक्की, हे खरं आहे आणि त्याचं श्रेय दिलं पाहिजे. पण गाव नवं झालं तरी वेस जुनीच राहिली.

एक चांगलंही सांगतो. जी गावं हलवली नाहीत, तिथं घरांच्या दुरुस्तीच्या कामात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकारानं गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. सिमेंट किती, लोखंड किती, हप्ता कधी, हे त्या घरोघर समजावून सांगायच्या. ज्या बाया टँकरपुढं बोलत नव्हत्या, त्या इंजिनिअरला प्रश्न विचारू लागल्या. २००१ साली गुजरातेत भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बाया तिकडं जाऊन तिथल्या बायांना शिकवून आल्या.

२६ जानेवारी २००१ च्या त्या भूकंपानंतर मीही कच्छमध्ये वीस दिवस होतो. आणि तिथं मीच परदेशी झालो! भाषा येईना. डाळ गोड, ती घशाखाली उतरेना. बाया घुंगट ओढून, त्यांच्याशी बोलावं कसं कळेना. एका आजीनं ताक दिलं, मी आभार मानले. पुन्हा दिलं, पुन्हा मानले. आजीनं तोंड वाकडं केलं, आणि मला किल्लारीची मावशी आठवली. मी एकटाच जाऊन खूप हसलो. तिथंही पाण्याला रांगा दोन होत्या. माझा हात शिवशिवला. पण मी आधी तिथल्या वस्तीतल्या म्हाताऱ्याला विचारलं, "काका, मी वीस दिवसांनी जाणार. तुम्हाला इथंच राहायचं. सांगा, काय करू?" त्यांनी सांगितलं तेवढंच केलं. मोठं काही झालं नाही, पण कुणाची चूलही विझली नाही.

नंतर एका पुस्तकात पिएर सेरेसोल यांच्याविषयी वाचलं. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेलं फ्रान्समधलं एक गाव बांधायला ते १९२० साली स्वयंसेवक घेऊन गेले, आणि त्यात जर्मन माणसंही होती. कालचे शत्रू! तेच सेरेसोल १९३४ च्या भूकंपानंतर बिहारला आले आणि गावं बांधत राहिले. ते वाचलं आणि मला मायचा प्रश्न आठवला. त्या फ्रान्सच्या गावातल्या लोकांनीही त्या जर्मनांना पाहून तेच विचारलं असेल, ज्यांनी जाळली तेच आता बांधायला आले? आमचं उलटं होतं. जळालेले आम्ही, बांधायलाही आम्हीच गेलो. तथागतांनी, आजारी आणि मळात पडलेल्या भिक्खूला आनंदाच्या मदतीनं स्वतःच्या हातानं धुतलं. त्याची जात, त्याचा स्वभाव, काही विचारलं नाही. पण त्यांनी इतर भिक्खूंना तुम्ही का केलं नाही, हेही विचारलं. सेवाही केली आणि जाबही विचारला. आपल्याला दोन्ही करायचं आहे.

आता शेवटचं. मे महिन्यात मी किल्लारी भागातून निघालो, त्या दिवशी त्या मोठ्या शेतकऱ्याची बायको वाटेत भेटली. तिची सून आणि दोन नातवंडं गेलेली. ती म्हणाली, "उन्हाचा चालला, पाणी पिऊन जा." स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं. पेला तिनं हातातून हातात दिला. माझी तहान होती, मी पिलो. तिच्या घरात काय बदललं, मला माहीत नाही. एका पेल्यानं गावकूस पडत नाही.

घरी आलो. मायनं पहिलं काय विचारावं? "पाणी मागितलं का?"

मी म्हटलं, "मागितलं नाही. त्यांनी दिलं."

"ओंजळीत का पेल्यात?"

"पेल्यात. हातात."

माय थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं. जेवून घे."

बंधू-भगिनींनो, आज आपली पोरं पुण्याला जातात, दुबईला जातात, जर्मनीला सुद्धा जातात. पूर आला, साथ आली की आपला विहार वर्गणी काढतो, धान्य पाठवतो. ते चालू ठेवा. पण माझी तीन मागणं आहेत. पहिलं, मदतीला जाल तिथं आधी विचारा, मग हात लावा. दुसरं, फोटो काढण्याआधी संडासाचा खड्डा काढा. तिसरं, आपल्याच विहारात पंगत बसते तेव्हा शेवटी कोण जेवतं ते बघा. भांडी घासणाऱ्या बाया शेवटी जेवत असतील, तर आपल्याही हंड्यांना चिंध्या बांधायची वेळ आली आहे. या वर्धापन दिनाच्या पंगतीपासूनच सुरुवात करा. आज आधी त्या बसतील, आम्ही वाढू.

एवढं बोलून मी माझे चार शब्द संपवतो. जयभीम. नमो बुद्धाय.